घरात पाच मांजरी आणि पावसाळ्यात बंद खिडक्या : लिटर बॉक्सच्या वासावर खरोखर काय चालते?

पाचमांजरी
आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात पाच मांजरी आहेत : तीन भाट्या आणि दोन बोके. त्यांपैकी चौघांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. सर्वांत धाकटा बोका सात महिन्यांचा असून त्याची शस्त्रक्रिया अद्याप व्हायची आहे. लिटरचे (म्हणजे मांजरींच्या मलमूत्रासाठी मातीसारखा शोषक पदार्थ भरलेले) तीन बॉक्स आहेत, दोन ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघरालगतच्या धुण्याच्या बाल्कनीत) शेजारीशेजारी आणि एक सामाईक बाथरूममध्ये. लिटर लॅव्हेंडरच्या सुगंधाचे, बेंटोनाइट या मातीचे वापरतो आणि मूत्र पडून धरलेले गोळे रोज सकाळी झाऱ्याने काढून टाकतो.
उन्हाळ्यात वाऱ्यामुळे निभावते. जूनपासून मात्र खिडक्या बंद राहतात आणि बाहेरून घरात शिरताना दारातच वास जाणवतो. लॅव्हेंडर आणि अमोनिया एकत्र आल्यावर जे काही तयार होते, ते दोन्हींपेक्षा वाईट असते. झाकणाचे बॉक्स, कोळशाच्या पिशव्या, आपोआप साफ होणारी यंत्रे, खाण्याचा सोडा असे असंख्य उपाय सुचवले जातात. यांतील कोणते उपाय आपण स्वतः दीर्घकाळ वापरले आहेत आणि त्यांचा उपयोग झाला का, हे जाणून घ्यायचे आहे. ‘मांजरी कमी करा’ हा सल्ला घरातील वडीलधाऱ्यांनी याआधीच पुरेशा वेळा दिलेला आहे, तेव्हा तो कृपया देऊ नये.

ऐरोलीकर
जितक्या मांजरी तितके बॉक्स आणि वर एक जास्त, हा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने आपल्याकडे सहा हवेत. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये सहा बॉक्स ठेवायचे म्हणजे माणसांनी कुठे राहायचे हा प्रश्न उरतोच, पण तीन नक्कीच कमी पडत आहेत. शिवाय शेजारीशेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजरीच्या लेखी एकच जागा असते. एखादी दांडगी मांजर बाल्कनीच्या दारात बसून राहिली, तर इतरांना दोन्ही बॉक्स एकाच वेळी बंद होतात. म्हणून संख्येआधी जागा बदलून पाहा.
दुसरे असे की, पाच मांजरींना दिवसातून एकदा सफाई पुरत नाही. सकाळ आणि रात्र हे किमान धरावे.

शांतिप्रिय शेजारी
माझ्याकडे मांजर नाही. माझ्या भिंतीपलीकडे चार आहेत. त्यामुळे या विषयातला माझा अनुभव भरपूर असला तरी तो कोणी आजवर विचारलेला नाही.
एकच सांगतो. ज्या घरात वास असतो त्या घरातल्या माणसांना तो काही मिनिटांत जाणवेनासा होतो, कारण नाकाला सतत येणाऱ्या वासाची सवय होते. आपल्याला दारात वास येतो आणि आत गेल्यावर तो कमी वाटतो, यावरून तो आत कमी आहे असे समजू नये. कोणताही उपाय केल्यानंतर तो लागू पडला की नाही, हे बाहेरच्या माणसाला विचारावे. मी उपलब्ध आहे.

रसायनी
वास कशाचा आहे हे कळल्याशिवाय उपाय निवडता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मांजरीचे मूत्र फार दाट असते, कारण तिचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतले रानमांजर होते आणि पाणी वाचवणे ही तिच्या मूत्रपिंडांची जुनी सवय आहे. त्या मूत्रात युरिया भरपूर असतो. ताजे असताना त्याला फारसा वास नसतो. जिवाणूंमधले युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि काही तासांत डोळ्यांना चुरचुरणारा तो वास सुरू होतो. उष्णता आणि ओल असली की ही क्रिया वेगाने होते. पावसाळ्यात लिटर लवकर सुकत नाही, हवाही खेळत नाही, त्यामुळे आपल्याकडे हा त्रास जूनमध्ये वाढणे साहजिक आहे.
दुसरा वास निराळा आहे. मांजरीच्या मूत्रात फेलिनीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ते विघटित झाले की ‘बोक्याचा’ म्हणून ओळखला जाणारा उग्र, चिकट वास येतो. नसबंदी न झालेल्या प्रौढ बोक्यांमध्ये फेलिनीनचे प्रमाण सर्वांत जास्त असते, कारण ते नर संप्रेरकावर अवलंबून आहे. आपला धाकटा आता त्याच वयात येत आहे.
घरगुती उपायांविषयी : अमोनिया अल्कधर्मी आहे. चुना किंवा चुलीतली राख टाकली तर मिश्रण आणखी अल्कधर्मी होते आणि विरघळलेला अमोनिया वायू होऊन अधिकच बाहेर पडतो. गावाकडे राख चालत असे, कारण ती अंगणात उघड्यावर असे आणि रोज नवी टाकली जाई. खाण्याचा सोडा सौम्य असल्यामुळे असे नुकसान करत नाही आणि आम्लधर्मी वासांवर त्याचा थोडा उपयोगही होतो, पण अमोनियावर तो उतारा नव्हे. बॉक्स धुताना पाण्यात थोडे व्हिनेगर घातले तर मात्र अमोनिया खरोखर बांधला जातो. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन बॉक्स पूर्ण कोरडा करावा.
आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. मूत्र सांडलेल्या जागी ब्लीच कधीही वापरू नये. ब्लीच आणि अमोनिया यांपासून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. बंद बाथरूममध्ये ते माणसालाही भोवतात आणि मांजरीलाही.

मिठागर
‘मांजरी अधिक एक’ हा नियम मला मान्य नाही, किंवा असे म्हणू की तो आमच्या घरांसाठी लिहिलेला नाही. कोपरखैरणेत एका खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या घरात आमच्या चार मांजरी आहेत आणि दोनच बॉक्स आहेत. ते बॉक्स नव्हेतच, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळणारे मोठे टब आहेत. बाजारात ‘मोठा’ म्हणून मिळणाऱ्या लिटर बॉक्समध्ये पूर्ण वाढलेल्या बोक्याला धड वळताही येत नाही. बॉक्सची लांबी मांजरीच्या नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतच्या लांबीच्या निदान दीडपट हवी. आम्ही दिवसातून तीनदा गोळे काढतो. पाहुण्यांना मांजरी दिसेपर्यंत घरात मांजरी आहेत हे कळत नाही. सहा अस्वच्छ बॉक्सपेक्षा दोन स्वच्छ टब केव्हाही बरे.

ऐरोलीकर
@मिठागर, आपल्या मांजरींचे एकमेकींशी पटते हे आपले भाग्य आहे. माझ्याकडच्या दोघी एकमेकींचे तोंड पाहत नाहीत, त्यामुळे दोन टबांत माझा निभाव लागला नसता. मात्र आकाराविषयी आणि तीन वेळच्या सफाईविषयी आपण लिहिले आहे ते सर्वस्वी मान्य. नियमाचा हेतू हाच आहे की, जाण्याजोगी स्वच्छ जागा प्रत्येकीला नेहमी मिळावी.

पशुचिकित्सक
मी पशुवैद्य आहे. नेमका सल्ला तपासणीशिवाय देता येत नाही, तरी काही सर्वसाधारण गोष्टी नोंदवतो.
सात महिन्यांच्या बोक्याची शस्त्रक्रिया आता लांबवू नये. भिंतींवर आणि पडद्यांवर उभ्याने फवारा मारण्याची सवय एकदा लागली की, शस्त्रक्रियेनंतरही काही बोके ती सोडत नाहीत. बहुतेक बोक्यांमध्ये शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत मूत्राचा उग्रपणा कमी होतो.
वास अचानक वाढला असेल, किंवा एखादी मांजर नेहमीपेक्षा खूप जास्त पाणी पीत असेल आणि लिटरमधले गोळे मोठे होऊ लागले असतील, तर मूत्राची तपासणी करून घ्यावी. मूत्रपिंडाचे विकार आणि मधुमेह यांची पहिली खूण अनेकदा लिटरमध्येच दिसते. विष्ठेला असह्य वास येत असेल तर जंत, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी किंवा आहार यांपैकी काही कारण असते आणि ते बॉक्स बदलून जाणार नाही. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन कुंथत असेल आणि मूत्र येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबणे एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.
फरशी पुसायला फिनाइल वापरत असाल तर ते बंद करा. फिनॉलवर्गीय रसायनांचा निचरा करण्याची क्षमता मांजरीच्या यकृतात फार कमी असते. पंजांना लागलेले ती चाटते आणि ते पोटात जाते. डांबराच्या गोळ्या, निलगिरीचे आणि टी-ट्रीचे तेल यांनाही हेच लागू आहे. बॉक्सजवळ डांबराची गोळी ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो.

निवृत्त ग्रंथपाल
आमच्याकडे रोज संध्याकाळी धूप घालून या प्रश्नाचा निकाल लावला जात असे. त्यामुळे घराला जत्रेतल्या देवळाजवळच्या गोठ्याचा वास येई.

खारघरची पायवाट
धुपाने आणि उदबत्तीने वास जात नाही, आणि काही मांजरींना त्यामुळे दम्यासारखा त्रासही होतो. लॅव्हेंडरच्या लिटरविषयी मला तसेच म्हणायचे आहे. सुगंध आपल्या समाधानासाठी असतो. मांजरीचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते आणि तिचा चेहरा त्या लिटरपासून वीतभर अंतरावर असतो. बिनवासाचे, बारीक कणांचे आणि गोळे धरणारे लिटर बहुतेक मांजरी पसंत करतात.
पावसाळ्याच्या दृष्टीने लिटरचे प्रकार मी आलटून पालटून वापरून पाहिले आहेत. बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी माती आहे आणि आपल्या देशात ती कच्छ आणि राजस्थानातून येते. गोळे घट्ट धरते, तळाला मूत्र झिरपू देत नाही आणि या सर्वांत स्वस्त पडते. दोष दोन : धूळ आणि वजन. टोफूचे (सोयाबीनच्या चोथ्याचे) लिटर हलके असते, धूळ कमी होते, मात्र ते वनस्पतिजन्य असल्याने खारघरच्या पावसाळ्यात उघडी पिशवी ओल धरते, कुबट होते आणि एकदा तर तिला चक्क बुरशी आली. वापरायचेच असेल तर लहान पिशव्या आणाव्यात आणि हवाबंद डब्यात ठेवाव्यात. सिलिकाचे स्फटिक मूत्र शोषून घेतात, पण ते हवेतली ओलही शोषतात, त्यामुळे कोरड्या हवेतल्यापेक्षा लवकर निकामी होतात. पाइनच्या लाकडाच्या गोळ्या अमोनियावर बऱ्यापैकी चालतात. त्यांचा ओला भुसा चाळून काढावा लागतो आणि काही मांजरींना त्यांवर पाय ठेवायला आवडत नाही.
शेवटी मी बेंटोनाइटवर परतले. थर सुमारे तीन इंच ठेवते, कारण थर पातळ असला की गोळा तळाला चिकटतो आणि खरवडताना फुटतो. तो फुटलेला चुराच पुढे वास मारत राहतो.

सीवूड्सचा पाऊस
माझ्याकडे सक्रिय कोळशाच्या (वास शोषण्यासाठी खास प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या) पिशव्या आहेत. बॉक्सच्या मागे ठेवल्या की थोडा फरक पडतो, पण तो सफाई केलेल्या बॉक्सजवळच जाणवतो. सफाई राहिली असेल तर कोळसा काही करू शकत नाही. साध्या शेगडीच्या कोळशाने हे काम तितके होत नाही.
मी गर्भवती आहे आणि घरातल्यांनी मांजरी सोडून देण्याचा आग्रह धरला आहे. त्यावर येथे कोणाचा अनुभव आहे का?

पशुचिकित्सक
@सीवूड्सचा पाऊस, मांजरी सोडण्याची गरज नाही. गर्भाला अपाय करू शकणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच संसर्गक्षम नसतो. त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज सफाई होणे हेच मोठे संरक्षण आहे आणि ती सफाई या काळात घरातल्या दुसऱ्या कोणी करावी. करावीच लागली तर हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मांजरींना कच्चे मांस देऊ नये. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजरी असल्याचे सांगून ठेवा.

मिठागर
घरातल्या दुसऱ्या कोणी सफाई करावी, ही वैद्यकीय सूचना लेखी मिळेल काय? नऊ महिन्यांनंतरही तिचा उपयोग होईल.

निवृत्त ग्रंथपाल
आता गंभीरपणे. झाकणाच्या बॉक्सने माणसाला येणारा वास कमी होतो, पण तो आत कोंडला जातो आणि मांजरीला त्यातच बसावे लागते. आमची वयस्कर भाटी झाकणाच्या बॉक्समध्ये काही दिवस गेली आणि नंतर तिने दिवाणाखालचा गालिचा पसंत केला. दुसऱ्या घरी हेच झाकण निमूटपणे चाललेले मी पाहिले आहे. त्यामुळे सरसकट निषेध करत नाही, पण झाकण असेल तर सफाई जास्त वेळा करावी लागते आणि नेमके उलटे होते, कारण घाण डोळ्यांआड जाते.
आपोआप साफ होणाऱ्या यंत्रांविषयी, भाच्याकडे एक आहे. गोळे लगेच बाजूला काढले जातात ही त्याची खरी जमेची बाजू. पण ते गोळे यंत्राच्याच खणात साठतात, तो खण वेळेवर रिकामा केला नाही तर वास तिथून येतो आणि पाच मांजरींचा खण लवकर भरतो. लहान पिल्ले असतील तर यंत्र चालू ठेवू नये, कारण त्यांच्या वजनाची दखल संवेदक घेईलच असे नाही.

शांतिप्रिय शेजारी
काढलेले गोळे कुठे जातात, याविषयी कोणी बोलत नाही. आमच्या मजल्यावर तरी वासाचे मूळ बॉक्स नसून रात्री दाराबाहेर ठेवलेली पिशवी होती. सफाई कर्मचारी सकाळी येतात, म्हणजे रात्रभर ती पिशवी लिफ्टसमोर उभी असते.

कळवा पूल
सोसायटीचा सचिव या नात्याने वरील तक्रारीत तथ्य आहे असे नमूद करतो. वापरलेले लिटर ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. बेंटोनाइट ही माती आहे, तिचे खत होत नाही आणि मांसाहारी प्राण्याची विष्ठा सोसायटीच्या खतखड्यात नको. आमच्याकडे ते दोन पिशव्यांत घट्ट बांधून, वरून वर्तमानपत्रात गुंडाळून, डायपरसारख्या कचऱ्याबरोबर वेगळे दिले जाते. कर्मचाऱ्यांना ते काय आहे हे आधी सांगितलेले आहे आणि ते महत्त्वाचे आहे, कारण पिशवी त्यांच्या हातात जाते. ‘फ्लश करण्याजोगे’ असे छापलेले लिटरही कमोडमध्ये टाकू नये. फुगणारी माती तर मुळीच नको. आमच्या इमारतीत तुंबलेली मलवाहिनी उघडली तेव्हा आतून जे निघाले ते पाहून प्लंबरने मांजर पाळणाऱ्यांची यादी मागितली.
रात्रीच्या पिशवीसाठी घट्ट झाकणाची लहान बादली घरातच ठेवावी आणि सकाळी पिशवी द्यावी.

रसायनी
हवेच्या दिशेविषयी एक मुद्दा राहिला. खिडक्या बंद असताना स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू केला की, बाहेर फेकलेल्या हवेची जागा घ्यायला घरातल्या फटींतून हवा ओढली जाते. ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला लागून असते, त्यामुळे तिथली हवा थेट ओट्याकडे येते. पंखा जिथे बॉक्स आहे तिथे असायला हवा. बाथरूममधला एक्झॉस्ट चालू ठेवून दार मांजर जाईल इतके उघडे ठेवावे, म्हणजे हवा घरातून बाथरूमकडे आणि तिथून बाहेर जाते.

पाचमांजरी
सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांप्रमाणे काही बदल केले आहेत. बिनवासाचे लिटर आणले, ड्राय बाल्कनीतला एक बॉक्स बैठकीच्या कोपऱ्यात हलवला, चौथा पाहुण्यांच्या खोलीत ठेवला आणि सफाई दोन वेळा सुरू केली. दारातला वास बराच कमी झाला, पण ड्राय बाल्कनीत तो तसाच राहिला, बॉक्स नुकताच धुतलेला असतानाही. म्हणून अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी आणली आणि रात्री दिवे बंद करून पाहिले. मूत्राचे सुकलेले डाग त्या प्रकाशात चमकतात. बॉक्सच्या मागची भिंत वीतभर उंचीपर्यंत चमकत होती आणि तिथून ओघळ वॉशिंग मशीनच्या स्टँडखाली गेलेले होते. आमची मधली भाटी बसताना मागचा भाग उचलते आणि कडा बुटकी असल्याने धार बॉक्सबाहेर जाते. लिटर स्वच्छ होते, फरशीच्या सांध्यांत मात्र किती काळाचे मूत्र मुरले होते कोण जाणे. धाकट्याच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली आहे, पण हा प्रताप त्याचा नव्हता.
आता सांध्यांतला वास कसा काढावा? प्लंबरने ऍसिड ओतण्याचा सल्ला दिला आहे.

रसायनी
ऍसिड ओतू नका. सांधे सिमेंटचे असतील तर ते त्याने झिजतात, अधिक सच्छिद्र होतात आणि पुढच्या वेळी मूत्र आणखी खोल मुरते. विकरयुक्त क्लीनर आणा. आधी साध्या पाण्याने जागा धुऊन फिनाइलचा आणि साबणाचा अंश पूर्ण काढा, कारण इतर रसायने उरली असली तर विकरे नीट काम करत नाहीत. मग सांधे चांगले भिजतील इतके ओता आणि लगेच पुसू नका. बाटलीवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत ते ओले राहिले पाहिजे. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो ही इथे सोयच आहे. एका खेपेत जुना वास जाईलच असे नाही, पुन्हा करावे लागते. वास गेल्यावर सांधे इपॉक्सीने (पाणी न मुरणाऱ्या भरणीने) भरून घ्या.

कळवा पूल
स्टँड हलवून मशीनचे पायही तपासावेत. रबरी बूच मूत्र धरून ठेवतात.

ऐरोलीकर
बुटक्या कडेवर सोपा उपाय आहे. कपडे किंवा धान्य साठवण्याचे उंच प्लास्टिकचे चौकोनी टब जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा वाशीत सहज मिळतात. झाकण काढून टाकावे आणि एका अरुंद बाजूला मांजर पाय उचलून सहज जाईल इतक्या उंचीवर प्रवेशासाठी खाच कापावी. उरलेल्या तिन्ही बाजू फूट-दीड फूट उंच राहतात. कापलेली कड पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करावी, नाहीतर पोटाला खरचटते. वयस्कर मांजर असेल तर खाच आणखी खाली घ्यावी.

खारघरची पायवाट
प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडतात आणि त्यांत वास बसतो, म्हणून असा टब वर्षभराने बदलावा लागतो. मी भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा खोल ट्रे घेतला आणि तो उंच कडांच्या टबात बसवला आहे. ट्रे रोजच्या वापराला, टब धारेला. फक्त पहिल्या दिवशी खरवडण्याचा आवाज ऐकून तिघीही दचकल्या होत्या, म्हणून जुना बॉक्स लगेच हलवू नये, थोडे दिवस शेजारी राहू द्यावा.

पाचमांजरी
@खारघरची पायवाट, ट्रेचे माप कृपया कळवाल का? आमचा थोरला बोका साडेसहा किलोंचा आहे.

खारघरची पायवाट
दोन फूट बाय दीड फूट, खोली सहा इंच. साडेसहा किलोंच्या बोक्याला कदाचित याहून मोठा लागेल, म्हणून दुकानात जाताना त्याची लांबी दोरीने मोजून न्या. तो झोपलेला असताना मोजा.